खेमराज गुरुजींची शनिवारची चौकशी

बेहडाटोल्यात चोरी करायची असेल तर आधी खेमराज गुरुजींकडे नाव नोंदवावं लागतं. उगाच आलं मनात आणि उचललं काहीतरी, असं चालत नाही. सरपंचबाईंचे यजमान दोन महिने मागे लागले होते, तेव्हा कुठे त्यांना शाळेची घंटा पळवायला मिळाली. पोरांनी चाळीस मिनिटांत चपलेच्या ठशावरून त्यांना पकडलं. यजमान एवढे खूश झाले की पकडतानाचा फोटो त्यांनी आठवडाभर मोबाइलवर ठेवला होता.

हे सगळं शाळेच्या भल्यासाठी चालतं. आमगाव तालुक्यात धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, बसलेलं हे गाव, आणि गावाच्या टोकाला जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. तिथे खेमराज रहांगडाले हे सहावी-सातवीला विज्ञान शिकवतात. वय अठ्ठेचाळीस, अंगाने आडवे, आवाज असा की शाळेत पाढे म्हटले तर बांधीतली बाई मान वर करते. शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या दिवशी शेवटच्या दोन तासांत शाळेत काहीतरी गुन्हा घडतो. तो गुरुजींनीच घडवून आणलेला असतो. पोरांनी पुरावे गोळा करायचे, प्रयोग करायचे आणि चोर शोधायचा. याला गावात 'शनिवारची चौकशी' म्हणतात.

गुरुजी पहिल्यापासून असे नव्हते. पंधरा वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं ते 'लिहून घ्या' या दोन शब्दांवर. पोरं लिहून घ्यायची, की आम्लात निळा लिटमस तांबडा होतो. लिटमस कोणाच्या बापाने पाहिला नव्हता. एकदा तपासणीला साहेब आले आणि एका पोराला विचारलं, "लिटमस म्हणजे काय रे?" पोरगं उभं राहून म्हणालं, "तिसरा प्रश्न, जी." साहेब हसले, गुरुजीही हसले, पण ते हसणं त्यांना दोन दिवस पचलं नाही.

मग एका दुपारी त्यांच्या डब्यातले बडे गेले. उडदाचे बडे, बायकोने म्हणजे शामकलाबाईंनी पहाटे उठून तळलेले, सहा. गुरुजी भडकले. भुकेला मास्तर म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी स्वतःला नशीबवान समजावं. पण त्यांनी छडी उचलायच्या आधीच एक पोरगी खिडकीखाली जाऊन बसली. दुसऱ्याला चौकटीवर तेलकट पंजा दिसला. तिसऱ्याने सगळ्यांचे हात त्या पंजाशी लावून पाहिले, एकाचाही जमेना, आणि मग तो गुरुजींकडे मोजपट्टी मागायला आला. पंधरा वर्षांत कोणत्याही पोराने आपणहून मोजपट्टी मागितली नव्हती. चोर माकड निघालं. बडे गेले ते गेलेच, पण गुरुजी त्या दिवशी उपाशी पोटी नाचायचे बाकी होते.

नाटक तर त्यांच्या अंगातच होतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, तिथल्या नाटकांत त्यांनी अकरा वर्षं फौजदाराचं काम केलेलं. एकच नाटक नव्हे, नाटक कोणतंही असो, फौजदार खेमराजच. ती खाकी टोपी पेटीतून बाहेर आली आणि शनिवारी डोक्यावर चढू लागली. काळ्या स्केचपेनने लिहिलेली निनावी चिठ्ठी आली की पोरं त्या शाईचा ठिपका खडूवर देत, खडू पाण्यात उभा करत, आणि काळ्यातून निळा-जांभळा वर चढला की ज्याच्या पेनाचे रंग जुळत तो धरला जाई. स्टीलच्या ग्लासावर काजळी फुंकून बोटांचे ठसे काढले जात. ही पोरं विज्ञानात जिल्ह्यात पहिली आली का? नाही आली. पण बेहडाटोल्यातल्या आयांना खोटं बोलणं अवघड होऊन बसलं, हे मात्र खरं.

सगळ्यात जास्त वेळा चोर झाला तो मुन्नालाल. याचा चौकात किराणा आणि पानाचा ठेला. मुन्नालाल मूळचा गोंदियाच्या बाजारातला, बोलणं सगळं हिंदीत. त्याच्या ठेल्यावर विडीकाडी मिळायची आणि मागच्या बाजूने खर्राही मिळायचा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेली पुडी. आमच्याकडे लोक जेवण विसरतील, पुडी विसरणार नाहीत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदा आहे हे पोरांना कळलं, तेव्हा ती फीत घेऊन निघाली. ठेला नऊ पावलं आत भरला. मुन्नालालने वाद घातला नाही. ठेल्याला चाकं होती, ती त्याने नऊ पावलं ढकलली आणि वर पोरांना गोळ्या दिल्या. "बच्चे सच्चे हैं," म्हणाला.

त्या मोजणीची पुढारी होती सहावीतली नीतू. अंगाने काडी, दोन वेण्या, आणि 'काऊन', म्हणजे 'का', हा शब्द तिच्या तोंडात कायमचा मुक्कामाला. तिचा बाप कैलाश मोटारपंपांचं वाइंडिंग करतो. हात सोन्याचे, पण दिवसाला सहा पुड्या. दोन ऑक्टोबरला शाळेत पोरांनी आपापल्या बापाला तंबाखू सोडण्याची पत्रं लिहिली, तेव्हा नीतूने घरी जाऊन पत्र वाचून दाखवलं आणि कैलाश म्हणाला, "तुह्या गुरुजीले सांग. तो सोडन तर मी सोडतो."

गुरुजी तेव्हा दिवसाला चार खात होते.

शिवाय गोंदियाच्या डॉक्टरने त्यांचं तोंड उघडायला लावून सांगितलं होतं, की गुरुजी, माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावली पाहिजेत, तुमच्या तोंडात अडीच मावतात. गुरुजींनी भर प्रार्थनेत, सगळ्या शाळेसमोर, कैलाशच्या हातात हात देऊन शपथ घेतली. शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' ही अक्षरं त्यांनी स्वतः रंगवली. तेव्हापासून नीतू दर सोमवारी बापाचा निरोप आणायची. बाबा म्हनते, गुरुजी खाऊन तर नाही राहिले ना? गुरुजी सांगायचे, नाही. नीतू घरी जाऊन सांगायची, नाही. असं पावणेतीन महिने चाललं आणि सगळं खरं होतं.

मग डिसेंबरच्या शेवटी, थंडीत, आमगावच्या रस्त्यावरच्या एका पुलियावर गुरुजींनी अर्धी पुडी खाल्ली. गावच्या शिवेबाहेर खाल्लेलं शपथेत धरत नाहीत, असा त्यांनी मनाशी निकाल दिला. कायद्यात अशी पळवाट शोधणारा माणूस वकील व्हायचा सोडून मास्तर कसा झाला, देव जाणे. आठवड्याने ती शीव पुलियावरून तलावाच्या पाळीवर आली. पुढच्या आठवड्यात थेट मुन्नालालच्या ठेल्यामागे. सोमवारी नीतूने विचारलं की गुरुजी 'नाही' म्हणत, पण आता खिडकीबाहेर बघत म्हणत.

जानेवारीतल्या एका शनिवारी शाळेतला पृथ्वीचा गोल चोरीला जायचा होता. चोर मुन्नालाल. युक्ती गुरुजींना फार आवडलेली. मुन्नालालच्या बोटांना दिवसभर चुना असतो, तर त्याने चुन्याच्या बोटांनी काळं कपाट उघडायचं. पोरांना कपाटावर पांढरे डाग सापडतील. पांढरं म्हणजे काय? तांदळाचं पीठ असेल, खडू असेल, चुना असेल. पोरांनी आदल्या दिवशी हळद कालवून कोऱ्या कागदांना फासून वाळवली होती. ओला पिवळा कागद पिठाने, खडूने पिवळाच राहतो, चुन्याने लाल होतो. झालं, चोर सापडला.

सकाळी साडेसहाला गुरुजी ठेल्यावर तालीम घ्यायला गेले. कपाट कोणत्या हाताने उघडायचं, खिचडीच्या तेलाचा डबा आणायच्या पिशवीत गोल कसा घालायचा, पकडल्यावर किती वेळ नाही-नाही म्हणायचं, सगळं त्यांनी करून दाखवलं. मुन्नालाल ऐकता ऐकता पुडी घोटत होता. घोटून झाली, तशी सवयीने त्याने ती पुढे केली आणि गुरुजींनी सवयीने घेतली. चुन्याचा सापळा लावायच्या नादात माणूस स्वतः चुना खात उभा होता आणि दोघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

चौकशी झकास झाली. गुरुजींनी टोपी घालून घोषणा केली, की पृथ्वी गायब आहे. पोरांनी डाग खरवडले, कागदावर घेतले, लाल पाहून ओरडले. सकाळपासून त्या खोलीत कोण कोण आलं याची यादी झाली. खडूच्या बोटांचे मुख्याध्यापक उके सर, खिचडी शिजवणाऱ्या सुशिलाबाई, तेलाचा डबा पोहोचवायला आलेला मुन्नालाल. एकेकाने ओल्या कागदावर बोटं दाबली. उके सर पिवळे. सुशिलाबाई पिवळ्या. मुन्नालाल लालभडक. त्याने ठरल्याप्रमाणे तीन वेळा नाही-नाही केलं आणि पिशवीतून पृथ्वी काढून दिली.

"चौकशी संपली," गुरुजी टोपी काढत म्हणाले.

"संपली नाही," नीतू म्हणाली. "यादीत एक जन बाकी हाये. तुमी."

"मी तर फौजदार आहे."

"तुमीच तर सांगितले, जो जो खोलीत होता तो तो."

वर्गाने मान हलवली. गुरुजी हसत पुढे झाले, आणि कागद वीतभर अंतरावर आला तेव्हा त्यांना सकाळचे साडेसहा आठवले. त्यांनी डावा हात पुढे केला. कागद पिवळा राहिला.

"जेवाचा हात," नीतू म्हणाली.

उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं कागदावर टेकली. उचलली, तर खाली तीन लाल ठिपके, अंगठ्याचा सगळ्यात मोठा. सुशिलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"कागद जुना असेल," गुरुजी म्हणाले. आवाज त्यांचा, पण अर्धाच.

नीतूने कागद उलटून पाहिला. "मंग मुन्नालालकाकाचाबी खोटा झाला ना जी. त्याईले सोडा लागन."

मुन्नालालला हे पटलं नाही, कारण चोर म्हणून त्याची इज्जत होती. पण मित्र बुडताना पाहून तो मधे पडला. "अरे, सुबह गुरुजी ने मुझसे हाथ मिलाया था. वही लगा होगा."

हा दोर चांगला होता, पण पोरांना गुरुजींनीच शिकवलेलं, करून पाहिल्याशिवाय मानायचं नाही. नीतूने उके सरांना मुन्नालालशी हात मिळवायला लावला. सर बिचारे 'कशाला, कशाला' म्हणत पुढे झाले. त्यांच्या हाताचा कागद आला तो तळव्याजवळ थोडा लालसर. बोटांची टोकं पिवळीच. नीतूने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. तिला काय दिसत होतं ते गुरुजींना कळत होतं. चिमूट उचलायला जी तीन बोटं लागतात, तीच तीन लाल होती, आणि घरी बापाची तशी बोटं तिने लहानपणापासून पाहिली होती.

मग तिने मान वर केली. आतापर्यंतचा तिचा फौजदारी आवाज कुठे गेला कोण जाणे.

"गुरुजी," ती हळू म्हणाली, "साबनानंबी कागद लाल होते. मागच्या महिन्यात आपन केलो होतो. तुमी साबनानं हात धुतले असान ना?"

एवढंच पाहिजे होतं. 'हो' म्हटलं की सुटका. डाव्या हाताला साबण कसा लागला नाही, हे ती विचारणार नव्हती. हे गुरुजींना तिच्या तोंडाकडे बघूनच समजलं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. ज्या पोरीने आजवर एक प्रश्न सोडला नाही, ती आज स्वतःहून प्रश्न सोडायला तयार झाली होती. त्यांना कैलाशही दिसत होता. 'हो' म्हटलं तर सोमवारी निरोप जाईल आणि कैलाश टिकेल. 'नाही' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तो ठेल्यावर उभा असेल. एका खोट्याने एक माणूस वाचत असेल तर बोलावं की नाही? गुरुजींच्या जागी मी असतो तर बोललो असतो. दुसरं कोणी असतं तर तेही बोललं असतं.

"साबन नाही," गुरुजी म्हणाले. शाळेतली पुस्तकी मराठी गळून पडली होती. "खर्रा खाल्लो. सकाळी साडेसहाले, ठेल्याच्या मांगं. तीन आठवड्यापासून खाऊन राहिलो. कागद बराबर हाये."

नीतूने वहीत लिहिलं. मग विचारलं, "रोज?"

"रोज."

"किती?"

"दोन." तिने ते लिहिलं, तसे म्हणाले, "शनिवारी तीन."

तिने तेही लिहिलं आणि वही मिटून आपल्या जागेवर जाऊन बसली. पाठोपाठ घंटा झाली.

गुरुजी घरी पोहोचायच्या आधी बातमी घरी पोहोचली होती. शामकलाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मले पंधरा दिवसापासून मालूम हाये," त्या म्हणाल्या. "सदऱ्याच्या खिशात सुपारीचा भुगा निंगते."

"मंग बोलली काऊन नाही?"

"पाहून राहिली होती. एवढा मोठा फौजदार, पाहू म्हटलं, सोताले कधी पकडते."

रविवारभर गुरुजी घराबाहेर पडले नाहीत. त्यांना गावाच्या हसण्याची फारशी भीती नव्हती. गाव तसंही हसत होतं, आणि अकरा वर्षं नाटकात काम केलेल्या माणसाला लोक हसले तर फार लागत नाही. त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता कैलाश, ठेल्यासमोर उभा. एकदा वाटलं, जाऊन त्याचे पाय धरावे. मग वाटलं, कोणत्या तोंडाने? ज्या तोंडात अडीच बोटं मावतात त्या?

सोमवारी नीतू शाळेत आली नाही. चार वर्षांत तिची गैरहजेरी कोणी लावली नव्हती, ताप असला तरी ती येऊन शेवटच्या बाकावर निजायची. गुरुजींनी हजेरी घेतली, तिच्या नावापाशी थांबले, आणि पुढचं नाव दोनदा घेतलं. तास कसा घेतला त्यांचं त्यांनाच माहीत नाही. पोरांनी एकही प्रश्न विचारला नाही, हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं.

मधल्या सुट्टीत फाटकाशी मोटारसायकल थांबली. पुढे कैलाश, मागे नीतू. कैलाशचे डोळे लाल होते. गुरुजी व्हरांड्यात उभे होते, तिथेच उभे राहिले. माफी कशी मागायची याची त्यांनी रात्रभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"गुरुजी, मी शनिवारी ठेल्यावर गेलो होतो," कैलाश म्हणाला.

"मालूम होतं मले," गुरुजी म्हणाले.

"पुडी घेतलो. हातात घेऊन उभा राहिलो. म्हटलं, गुरुजीच खाऊन राहिले तर मी कायले मरू? लय राग आला तुमचा. आता खरं सांगतो, शिव्याबी देल्लो." कैलाशने नीतूकडे पाहिलं, तिने बुटाकडे पाहिलं. "मंग पन्नी सोडता सोडता इचार आला. तुमी तीन आठवड्यापासून खाऊन राहिले. मंग या तीन आठवड्यात मी कोनाच्या भरोशावर राहिलो? तुमच्या? तुमी तं होतेच नाही तिथं. मंग कोन होता?"

गुरुजी एक पायरी खाली उतरले.

"मीच होतो, जी," कैलाश म्हणाला, आणि हे सांगताना त्याला हसू आवरेना. "मी एकटाच सोडून बसलो होतो आन मलेच मालूम नाही. पुडी वापस केलो मुन्नालालले. त्याचा इश्वास बसेना. या पोरीचाबी बसेना. काल दिवसभर माहे हात कागदावर दाबून राहिली. सकाळी, दुपारी, जेवल्यावर. घरची हळद संपली. आज सकाळी पुन्हा, म्हनून शाळेले उशीर झाला."

नीतूने दप्तरातून कागदांची चळत काढून गुरुजींच्या हातात दिली. चौदा कागद, प्रत्येकावर तारीख, वेळ आणि कैलाशची तीन बोटं. एकही लाल नव्हता. गुरुजी एकेक बघत गेले आणि सातव्या-आठव्या कागदावर त्यांना दिसेनासं झालं. त्यांनी चष्मा काढला. अख्खी शाळा खिचडीच्या ताटल्या हातात धरून बघत होती.

"सहावीत मले इज्ञानात नापास केले होते तुमी," कैलाश म्हणाला. "सांगून ठेवतो, आता मी पास हाये आन तुमी नापास. तुमच्या भरोशाचं काम संपलं. आता तुमी माह्या भरोशावर सोडा."

त्याने वंगणाने काळा झालेला हात पुढे केला. गुरुजींनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि आयुष्यभर पोरांकडून ऐकलेलं उत्तर पहिल्यांदा स्वतः दिलं.

"हो जी," ते म्हणाले.